वाळूखालची पूर्णा

चैत्र-वैशाखात पूर्णेच्या कोरड्या पात्रात हात-दोन हात वाळू उपसून वऱ्हाडातील बायाबापड्या जो झिरा काढतात, त्यात घटकाभरात निवळशंख पाणी साठते, यावरून आटलेली नदी नाहीशी झालेली नसून केवळ तळघरात उतरलेली असते, हे तेथील लहान पोरासही ठाऊक असते. परंतु जे ज्ञान तहानलेल्याचा दिलासा, तेच बंधारा बांधणाऱ्या अभियंत्याची चिंता होय.

सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून चांगदेवाजवळ तापीस मिळणाऱ्या या नदीच्या खोऱ्यात गाळाचे थर ठिकठिकाणी शेकडो मीटर खोल आहेत, आणि महाराष्ट्रात इतरत्र थोडक्या खुदाईत लागणारा काळा पाषाण येथे पायास सहसा सापडत नाही. त्यातच हा खारपाणपट्ट्याचा मुलूख; विहीर खोल न्यावी तर पाणी खारट, म्हणून नदीतले गोडे पाणी अडविण्याची निकड मोठी. तेल्हारा तालुक्यातील नेर धामणा किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील घुंगशी येथील बॅरेजांची तजवीज याच गरजेपोटी झाली.

अशा पायावर पाणी बंधाऱ्यावरून उडी घेते ते दिसते, आणि दिसते म्हणून त्याचा बंदोबस्तही होतो. घात होतो तो तळातून सरपटणाऱ्या पाण्याने. 1898 साली गंगेवरील नरोऱ्याचा बंधारा अशाच पाझरामुळे फुटला. ब्लाय या अभियंत्याने पुढे असा हिशेब मांडला की, पाण्यास बांधकामाच्या अंगाला चिकटून जितके लांब रांगावे लागेल तितका त्याचा जोर ओसरतो: भरड वाळूत अडविलेल्या पाण्याच्या उंचीच्या बारापट, बारीक वाळूत पंधरापट वाट द्यावी. म्हणजे चार मीटर पाणी तुंबवावयाचे तर बारीक वाळूत साठ मीटरांची! त्रैराशिक सोपे होते, आणि सोपे त्रैराशिक सरकारी दप्तरात फार लवकर रुजते.

परंतु पंजाबात अप्पर चिनाब कालव्याच्या बांधकामांना या हिशेबाने जाऊनही इजा पोहोचली, तेव्हा अयोध्यानाथ खोसला यांनी बांधकामाच्या फरशीखाली नळ्या बसवून प्रत्यक्ष दाब मोजले, आणि 1936 साली बोस व टेलर यांच्यासह जो ग्रंथ सिद्ध केला त्यात प्रश्नच फिरविला. वाट किती लांब, यापेक्षा पाणी बाहेर पडते त्या टोकाशी त्याच्या दाबाचा चढ किती तीव्र, हे निर्णायक. तेथे वर उचलणाऱ्या रेट्याने वाळूच्या कणांचे पाण्यातील वजन तोलले गेले की वाळू उकळू लागते, कण वाहून जातात, पोकळी मागे मागे सरकते आणि वरची फरशी निराधार होते. म्हणून बारीक वाळूत हा चढ सहा-सातास एकाहून अधिक होऊ देत नाहीत. खालच्या टोकाशी खोल पडदी, म्हणजे वाळूत उभी उतरविलेली भिंत, अपरिहार्य; वरच्या टोकाची पडदी फरशीखालचा दाब घटविते; मधल्या पडदीचा उपयोग, ब्लायच्या हिशेबात ती भाव खाऊन जात असली तरी, बेताचाच. फरशीनेही आपल्या वजनाने दाब झेलावा लागतो: शिल्लक दाबाच्या प्रत्येक मीटरास सुमारे ऐंशी सेंटिमीटर काँक्रीट, व वर सुरक्षिततेची भर.

पूर्णेकाठी आणखी एक अडचण अशी की, वाळूच्या पट्ट्यांमध्ये चिकणमातीचे थर अडकलेले असतात, त्यांच्याखाली दाब कोंडतो, आणि कागदावरचा एकजिनसी पाया प्रत्यक्षात भेटत नाही. त्यामुळे जागोजागी बोअर घेऊन थरांची नोंद करण्यात केलेली काटकसर अखेर महागात पडते. काठची काळी माती तर उन्हात भेगाळते, पावसात फुगते, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती काठात पुरेशा आत नेल्या नाहीत तर बंधारा जागेवर उभा राहतो व नदी मात्र बगलेने निघून जाते. फरशीच्या पुढे आधी बारीक वाळू, तिच्यावर भरड वाळू, मग खडी व सर्वांत वर दगडी ठोकळे अशी जी उलटी गाळणी घालतात, तिचे काम पाण्यास अडविण्याचे नाही. पाण्याने खुशाल जावे, वाळू तेवढी मागे ठेवावी.