बारा फ्रेमचा दिवस

पहाटे ५
पुण्याहून मुळशीच्या वाटेला लागते. फेब्रुवारीचा शेवट. पिशवीत मिडियम फॉरमॅट कॅमेरा, लाइट मीटर, ट्रायपॉड आणि कृष्णधवल फिल्मचा एकच रोल. त्यावर सहा बाय सहाच्या बारा फ्रेम बसतात. दुसरा रोल मुद्दाम घेत नाही. बाराच मिळणार म्हटलं की प्रत्येक झाडापुढे थांबावं लागतं.

सकाळी ६.३०
देवराईच्या तोंडाशी चपला काढते. गुरवबाबा दिवा लावून बाहेर येतात. "ताई, फोटू खुशाल काढा. पण वाळकी काटकीबी इथनं न्यायची न्हाई." या एका नियमावर ही राई उभी आहे, म्हणून इथली खोडं दोन माणसांच्या कवेत मावत नाहीत.

सकाळी ७.४५
ऊन डोंगरावरून उतरतं आणि खोडांना बाजूने लागतं. मला हवा तो हाच आडवा उजेड. तासाभराने ऊन डोक्याकडे सरकलं की साल सपाट दिसू लागते.

पुढे ऐन आहे. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची साल, मध्ये बोट जाईल एवढ्या भेगा. खोड आतून जाड होत जातं; बाहेरची मेलेली साल ताणली जात नाही, म्हणून ती फाटते. कशी फाटायची हे मात्र ज्या त्या जातीचं ठरलेलं. अर्जुन हा ऐनाचा सख्खा भाऊबंद, पण तो पापुद्रे टाकून गुळगुळीत राहतो. ऐन आपली साल राखून ठेवतो, आणि जंगलात वणवा आला तर तीच जाड साल त्याला वाचवते.

रंगीत फोटोत नजर आधी लाल मातीकडे, मग पोपटी पानांकडे पळते. रंग काढला की उंचवटा आणि खळगा एवढंच उरतं, आणि डोळ्यांना बोटांचं काम करावं लागतं. खवल्यांवर दगडफूल चढलंय, आपण गोड्या मसाल्यात घालतो तेच. हिरवा फिल्टर लावला की ते थोडं उजळतं. चार फ्रेम.

सकाळी ९
राईबाहेरच्या कातळउतारावर पांढरूक, कुणी त्याला भुत्या म्हणतात. निष्पर्ण झालेला, उन्हात पांढराफटक. इथे मीटरचं सरळ ऐकलं तर फसगत होते. मीटर समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी धरून चालतो. त्याचा आकडा तसाच घेतला तर पांढरी साल राखाडी उतरते. दीड स्टॉप जास्त उजेड देते. पाच फ्रेम.

सकाळी १०.१५
परतताना शेताच्या बांधावर शेमट, म्हणजे मोई. फांदी रोवली तरी जगते, म्हणून कुंपणाला लावतात. कधीतरी कुणी तिच्या खोडाला तार आवळली होती. आता ती तार एका बाजूने खोडात शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. मधला भाग झाडाने गिळलाय. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. दुखावलेला भाग तसाच राहतो. झाड कडेने नवं लाकूड वाढवून तो फक्त झाकून टाकतं. उरलेल्या तिन्ही फ्रेम इथेच संपवते.

दुपारी २
डार्करूम. नळाचं पाणी आताच कोमट येतंय. बर्फाच्या पिशव्या ठेवून डेव्हलपर २० अंशांवर आणते. साडेसात मिनिटं, मग स्टॉप बाथ, मग हायपो, मग धुणं. फिल्म दोरीवर वाळत टाकते आणि जेवते.

संध्याकाळी ६
कॉन्टॅक्ट शीट. बारापैकी तीन फ्रेम बऱ्या. पांढरूकाची एकही जमली नाही: चमक आली, पण सालीचा पापुद्रा दिसत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं.

रात्री ८
लाल दिव्याखाली पहिला प्रिंट, ऐनाचा. कोरा कागद ट्रेमध्ये सरकवते. आधी भेगा उमटतात, काळ्या. मग खवल्यांच्या कडा. सगळ्यात शेवटी दगडफुलाचे फिकट डाग. झाडालाही आधी भेग पडते, मग तिच्या आधाराने कुणीतरी वस्तीला येतं. ट्रेमध्ये दर वेळी हाच क्रम येतो, आणि दर वेळी मी श्वास धरून पाहते.

नंतर मोईचा प्रिंट. तारेच्या वर आणि खाली साल ओठांसारखी फुगली आहे. जागेवर उभी असताना मला तार दिसली होती. इथे तिच्याभोवती झाडाने घालवलेली वर्षं दिसतात. सालीवरची एकही रेघ नक्षीसाठी नसते. तिथे काहीतरी घडलेलं असतं.

रात्री १०.३०
प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलने झाडाचं नाव, जागा आणि तारीख लिहिते. शीर्षक देत नाही.

झाडाने गिळलेली तार आता ओढून काढू नये, ओढली तर खोड फाटतं. पण तुमच्या गल्लीतल्या झाडाला कुणी नुकतीच दिव्यांची माळ किंवा पाटीची तार आवळली असेल, तर ती आजच सोडवा. एकदा साल तिच्यावर चढली की ती तार आयुष्यभर त्या झाडातच राहते.