सहा स्पीकर, पण आवाज दोनच : संगणक आणि सराउंड साउंडविषयीचे गैरसमज

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे इथल्या नाटक मंडळ्यांचे ठाणे. तिथून निघालेली नाटके चंद्रपूर-गडचिरोलीच्या आणि शेजारच्या भंडारा-गोंदियाच्या गावांत रात्रभर रंगतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. अशा मंडपात मंचावरचा संवाद शेवटच्या रांगेतल्या आजीपर्यंत पोहोचवायचा असतो. म्हणून डावीकडचा खोका आणि उजवीकडचा खोका एकच आवाज देतात आणि तो मोठ्याने देतात. तिथे तेच बरोबर आहे.

हाच हिशेब घरच्या खोलीत लावला की घोटाळा होतो. होम थिएटर घेतले, संगणकाला जोडले, सहाही खोके वाजू लागले, म्हणजे सराउंड झाले असे आपण धरून चालतो. ५.१ मध्ये मात्र प्रत्येक खोक्याला वेगळा आवाज मिळायला हवा : पुढचे डावा, मधला आणि उजवा, मागचे दोन, आणि खालच्या खर्जासाठी वूफर. ५.१ असलेल्या चित्रपटाच्या फाइलमध्ये हे सहा आवाज वेगवेगळे असतात. फाइल, प्लेअर, विंडोज, साउंड कार्ड, केबल, अँप्लिफायर या वाटेवर कुठे तरी सहाचे दोन होतात आणि पुढे त्या दोनांच्याच नकला सहा ठिकाणी वाजतात. ती जागा शोधायची, एवढेच काम आहे. बहुतेक गैरसमज त्याच जागेला झाकून ठेवतात.

'खोक्यावर ५.१ लिहिले आहे, म्हणजे ५.१ आहे'

संच फिरवून मागची बाजू बघा. एफएम, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ, रिमोट असे सगळे असलेल्या अनेक स्वस्त संचांच्या मागे आवाज आत घ्यायला फक्त एक लाल आणि एक पांढरी पिन असते. म्हणजे आत येणारे आवाज दोनच. संच त्यांतूनच मागचे आणि मधले स्पीकर वाजवतो. खोके सहा आहेत हे खरे, पण संगणकाने सहा आवाज पाठवायचे ठरवले तरी ते घ्यायला दारच नाही. खऱ्या ५.१ संचामागे पुढीलपैकी काही तरी सापडेल : सहा वेगळ्या आरसीए पिना, किंवा ३.५ मिमीचे तीन जॅक. किंवा ऑप्टिकल अथवा एचडीएमआय, आणि सोबत डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस उलगडणारा डिकोडर. यांपैकी काहीच नसेल तर कोणतीही केबल त्या संचाला सराउंड करू शकत नाही. एका जॅकचे तीन करणारी वाय-पिन लावणे हा तर निव्वळ पैशाचा चुराडा आहे. ती एकच आवाज तीन ठिकाणी वाटते.

'हिरव्या जॅकमध्ये पिन घातली, आवाज आला, झाले'

टॉवर संगणकाच्या मागचे रंग शोभेसाठी नसतात. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या पीसी ९९ या संकेतापासून ते ठरलेले आहेत. हिरवा पुढच्या दोन स्पीकरांचा, काळा मागच्या दोघांचा, नारिंगी मधला आणि वूफर या जोडीचा. ७.१ असेल तर बाजूच्या दोघांसाठी करडा. गुलाबी माइकचा आणि फिकट निळा लाइन-इनचा.

अनेक मदरबोर्डांवर मात्र हिरवा, निळा, गुलाबी असे तीनच जॅक असतात आणि लोक समजतात की यातून ५.१ निघणार नाही. बहुतेक वेळा निघते. साउंड कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये ५.१ निवडले की निळा जॅक मागच्या स्पीकरांचा होतो आणि गुलाबी जॅक मधला-वूफर जोडीचा. माइक मग कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावायचा.

तीनही पिना योग्य जागी बसल्या तरी विंडोज आपण होऊन सहा आवाज पाठवील याची खात्री नसते; अनेकदा ते स्टीरिओवरच थांबलेले असते. कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड, तिथे प्लेबॅक, आपले उपकरण निवडून कॉन्फिगर, आणि मग '५.१ सराउंड' निवडायचे. याच खिडकीत प्रत्येक स्पीकर एकेक वाजवून बघण्याची सोय आहे. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि माझ्या मते सगळ्या खर्चिक उपायांच्या आधी हीच करावी. मागचा डावा म्हटल्यावर मागचा डावाच वाजतो का? मधला म्हटल्यावर वूफर घुमला आणि संवाद पोटातून आल्यासारखे वाटले, तर नारिंगी जोडीतले दोन आवाज अदलाबदल झालेले आहेत. काही संचांची पिन उलटी जोडलेली असते; साउंड कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेंटर-सबवूफर स्वॅप' हा पर्याय असेल तर तेवढ्याने दुरुस्ती होते. दुकानात परत नेण्याची गरज नाही.

लॅपटॉपचे दुखणे वेगळे. त्याच्या एकुलत्या एक जॅकमधून दोनच आवाज बाहेर पडतात आणि त्याच पिनेवर हेडसेटचा माइकही असतो. तिथे दोन वाटा उरतात : ५.१ किंवा ७.१ ची यूएसबी साउंड कार्डाची डबी, नाही तर एचडीएमआय.

'ऑप्टिकल म्हणजे सर्वात शुद्ध'

हा गैरसमज शिकल्यासवरल्यांमध्ये जास्त आहे, म्हणून इथे थोडे थांबू. ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, विजेचा खरखराट तिला शिवत नाही, हे खरे. पण तिची वाट अरुंद आहे. न दाबलेले आवाज तिच्यातून दोनच जातात. सहा पाठवायचे तर ते आधी डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या रूपात दाबलेले असावे लागतात. चित्रपटाच्या अनेक फाइलींमध्ये ते तसे असतात. प्लेअरने ती गाठोडी न सोडता जशीच्या तशी पुढे सरकवली, म्हणजे पासथ्रू केली, की अँप्लिफायर ती सोडून सहा आवाज मोकळे करतो.

खेळांमध्ये हे चालत नाही. गेममधला आवाज त्या त्या क्षणी तयार होतो. त्याचे आधी बांधलेले गाठोडे नसते. म्हणून ऑप्टिकलवर चित्रपट सहा स्पीकरांत आणि गेम मात्र पुढच्या दोनच स्पीकरांत, असा अनुभव येतो आणि माणूस केबलला दोष देतो. यावर उपाय डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट. हे तंत्र साउंड कार्डात असले तर चालू आवाजही तिथल्या तिथे बांधला जातो. नसेल तर साध्या तीन पिनांची जोडणीच खेळांसाठी सरस ठरते, कारण तिच्यातून सहाही आवाज न दाबता थेट जातात. जुनी तार ऑप्टिकलहून कमी दर्जाची, हे सरसकट खरे नाही.

एचडीएमआयची वाट रुंद आहे. न दाबलेले आठ आवाज तिच्यातून सहज जातात आणि २००६ च्या १.३ आवृत्तीपासून डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ यांसारखे काही न गमावता दाबलेले प्रकारही. पण इथेही एक चकवा आहे. लोक संगणक टीव्हीला लावतात आणि टीव्हीपासून एआरसीने, म्हणजे टीव्हीकडून आवाज उलट पाठवण्याच्या एचडीएमआयच्या सोयीने, साउंडबार किंवा होम थिएटर जोडतात. संगणक समोरच्या उपकरणाला विचारतो, तुला किती आवाज झेपतात. टीव्ही स्वतःच्या दोन स्पीकरांपुरते उत्तर देत असेल तर संगणक दोनच पाठवतो. साध्या एआरसीवर न दाबलेले आवाजही दोनच जातात. ती मर्यादा २०१७ च्या २.१ आवृत्तीतल्या ईएआरसीने काढली. अँप्लिफायरला एचडीएमआय इनपुट असेल तर संगणक आधी अँप्लिफायरला आणि तिथून टीव्हीला, असाच क्रम लावावा. शिवाय विंडोजच्या यादीत एचडीएमआय हे वेगळे उपकरण दिसते, ते निवडायला विसरू नये.

ब्लूटूथबद्दल फार बोलण्यासारखे नाही. गाणी ऐकवणारी त्याची नेहमीची पद्धत दोनच आवाजांची आहे. ब्लूटूथवर जोडलेला ५.१ संच स्टीरिओच वाजवतो.

महागडी एचडीएमआय केबल आवाज गोड करत नाही. आकडे एक तर पोहोचतात, नाही तर आवाज तुटतो. स्पीकरच्या तारेचे मात्र मोजमाप महत्त्वाचे. १.५ चौरस मिमी तांब्याची जोडतार १० मीटर लांब नेली तर जाण्या-येण्याचा रोध साधारण पाव ओहम भरतो, आणि घरासाठी ते पुरेसे चांगले आहे. केसासारखी बारीक तार दूर नेली की खर्ज ढिला पडतो. लाल-काळे टोक मात्र सगळ्या स्पीकरांना सारखेच लावा. एकाचे उलटे झाले तर खर्ज आटतो आणि मधोमध ऐकू यायला हवे ते पसरते.

'संच चांगला, मग प्रत्येक गाणे सराउंड'

फाइलमध्येच दोन आवाज असतील तर सहा येणार कुठून? ब्राउझरमध्ये यूट्यूबवर आपण जे ऐकतो ते बहुतेक स्टीरिओ असते. जुने मराठी चित्रपट मोनोत ध्वनिमुद्रित झालेले आहेत, आणि ते तसेच ऐकावेत. डॉल्बी डिजिटल हे तंत्रच चित्रपटगृहात १९९२ साली आले. खात्री करायची असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये 'टूल्स' खाली 'कोडेक इन्फर्मेशन' उघडा. चॅनेल्ससमोर 'स्टीरिओ' दिसले तर दोन. '३एफ२आर/एलएफई' दिसले तर पुढचे ३, मागचे २ आणि खर्जाची एक वाहिनी, म्हणजे खरे ५.१. डॉल्बी प्रो लॉजिक २ सारखी तंत्रे दोनांतून अंदाजाने पाच करतात. चित्रपटाला ते बरे वाटते. अभंग किंवा शास्त्रीय गायन मात्र असे फुगवून ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गायक खोलीभर पसरतो आणि तंबोरा पाठीमागे जाऊन बसतो.

'वॅट जास्त, आवाज उत्तम'

खोक्यावरचा हजारोंचा पीएमपीओ आकडा विसरून जा. त्याच्या मोजणीला सर्वमान्य नियम नाही. आरएमएस वॅट बघा. तेही दुप्पट केले तर वाढ फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतकी. आवाज दुप्पट मोठा भासायला साधारण १० पट शक्ती लागते. लहान खोलीत स्पीकर कुठे ठेवले, हा प्रश्न वॅटहून मोठा आहे.

ताडोबाच्या जंगलात गाइड जिप्सी थांबवून 'कॉल', म्हणजे प्राण्यांची इशाऱ्याची हाक, ऐकतो. चितळ किंवा सांबर कोणत्या बाजूला ओरडले, हे झाडीतून काही न दिसता त्याला कळते, कारण आवाज एका कानापाशी दुसऱ्याच्या आधी पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा, तरी मेंदू तो पकडतो. इतक्या बारीक कानाला स्पीकर कुठेही ठेवून फसवता येत नाही. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. मागचा स्पीकर पुढच्यापेक्षा १ मीटर जवळ असला तर त्याचा आवाज ३ मिलिसेकंद आधी येतो, आणि दोघांतून सारखाच आवाज असेल तर कान आधी आलेल्याचीच दिशा धरतो. अँप्लिफायरमध्ये स्पीकरांची अंतरे भरायची सोय असते ती यासाठीच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार मधला स्पीकर समोर, डावा-उजवा त्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर असावेत. म्हणजे 'मागचे' म्हटले जाणारे स्पीकर खरे तर बाजूला, किंचित मागे. आपल्याकडे दिवाण भिंतीला टेकवलेला असतो आणि मागचे स्पीकर डोक्यावर छताला टांगतात. दिवाण जमेल तेवढा पुढे ओढा आणि ते स्पीकर कानांच्या रेषेत, थोडे वर आणा. ८० हर्ट्झखालच्या खर्जाची दिशा कानाला जवळपास कळत नाही, त्यामुळे वूफरला जागेची मोकळीक आहे. कोपऱ्यात तो फुगून घुमू लागला तर फूटभर सरकवून पाहा.

खोलीही वाजते. टाइल्सची फरशी आणि उघड्या सिमेंटच्या भिंतींत शब्द आपटून परत येतात. जाड सतरंजी आणि पडदे यांनी बराच फरक पडतो. आणि चंद्रपूरचा उन्हाळा : पारा ४५ अंशांपुढे गेला की कूलरशिवाय बसवत नाही, पण त्याच्या घरघरीत मागच्या स्पीकरांतले पाचोळ्याचे, पावसाचे हलके आवाज बुडून जातात. मग लोक मागचा आवाज वाढवून ठेवतात आणि हिवाळ्यात तो बोचतो. स्पीकरांच्या आवाजाची पातळी कूलर बंद करून ठरवा. उन्हाळ्यात अँप्लिफायरही तापतो; तो बंद कपाटात कोंडू नका.

गुंजारव येत असेल तर तो 'स्वस्त स्पीकरचा' असतोच असे नाही. संगणक एका सॉकेटवर, अँप्लिफायर दुसऱ्या, आणि टीव्हीला केबलची तार, अशा वेळी अर्थिंगच्या वाटा निरनिराळ्या होतात आणि विजेचा ५० हर्ट्झचा सूर आवाजात मिसळतो. सगळे एकाच बोर्डावर आणा. तरीही राहिला तर इथे ऑप्टिकल खरेच उपयोगी पडते. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडून गुंजारव घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. त्यात जीव जाऊ शकतो. मृगाच्या आधीच्या वादळांत सर्ज गार्डच्या भरवशावर राहू नका. जवळ कोसळलेली वीज त्याच्याने थांबत नाही. ढग गडगडायच्या आधीच संगणक, अँप्लिफायर, डिशची आणि इंटरनेटची तार, सगळे काढून ठेवा.

खरेदी करणाऱ्याला माझे सांगणे असे. टॉवर संगणक असेल आणि बजेट बेताचे असेल, तर तीन पिनांचा साधा ५.१ संच घ्या. लॅपटॉप असेल आणि चित्रपट मुख्य, तर एचडीएमआय इनपुट असलेला अँप्लिफायर. दोन्हींची ऐपत नसेल तर सहा वाईट स्पीकरांपेक्षा दोन चांगले घ्या. पैसे मोजण्याआधी संचाची मागची बाजू बघा, आणि प्रत्येक स्पीकर वेगवेगळा वाजवून दाखवायला दुकानदाराला सांगा. ते दाखवता आले नाही, तर तो संच घेऊ नका.