सहाव्या वर्षी येणारी दाढ

पटाशीचे दात घास तोडतात, सुळे फाडतात, दाढा दळतात, हे शाळेत शिकलोच. पण साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. अहो, ती कायमची असते!

भाचीच्या तोंडात टॉर्च मारून पाहिलं, तर त्या दाढेच्या खाचांत बिस्किटाचा लगदा घट्ट बसलेला. इतक्या अरुंद खाचांत ब्रशचे केसही पोचत नाहीत. जंतू साखरेपासून आम्ल बनवतात, ते एनॅमल पोखरतं. ठणका लागेपर्यंत कीड बऱ्याचदा नसेजवळ गेलेली असते. म्हणून कीड लागण्याआधीच डेंटिस्ट या खाचा सीलंटच्या लेपाने बुजवतात, सुईसुद्धा लागत नाही. आज रात्री मुलांना ‘आ’ करायला लावून मागे बघाच.