तद्विद्यसंभाषा आणि आहारशास्त्राचे विद्यार्थी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे, म्हणजे एकाच विद्येच्या अभ्यासकांनी आपसांत करावयाच्या चर्चेचे, दोन प्रकार सांगितले आहेत. संधायसंभाषा ही मैत्रभावाची, तर विगृह्यसंभाषा ही वादविजयाची. पहिलीसाठी सोबती न रागावणारा, मत्सररहित, क्लेश सोसणारा व प्रियभाषी असावा, त्याला निःशंकपणे विचारावे, असे आचार्य सांगतात. विद्यापीठांतील आहारशास्त्राच्या अभ्यासक्रमांत वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने नवागत दोघा-तिघांना हाताशी धरावे, ही पद्धत आज ‘पिअर मेंटॉरिंग’ या नावाने ओळखली जाते. तिचा विचार करताना आम्हांस हे वर्णन वारंवार आठवते.

आहारशास्त्रात ग्रंथांतून न येणारा भाग म्हणजे रुग्णास प्रश्न विचारणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेली खाद्यघटकांची कोष्टके सर्वांनाच उपलब्ध आहेत. परंतु रुग्णाच्या ताटात पडले किती, हेच कळले नाही तर कोष्टकाचा उपयोग काय? नवा विद्यार्थी विचारतो, ‘काल काय जेवलात?’ उत्तर येते, ‘भाजी-भाकरी.’ दिवसभरातील पाच कप चहा, त्यातील साखर, चहाबरोबरची बिस्किटे, एकादशीची साबुदाण्याची खिचडी, यांतील काहीच रुग्णाच्या लेखी ‘जेवण’ नसते. वरच्या वर्गातील विद्यार्थी शेजारी बसून प्रश्न बदलावयास शिकवतो: सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय जाते? वाटी केवढी? घरात महिन्याला तेल किती लागते, आणि खाणारी माणसे किती? चौघांच्या घरात महिन्याला ४ किलो तेल संपत असेल, तर प्रत्येकी रोज सुमारे ३३ ग्रॅम होते. हा हिशेब शिक्षकही सांगतातच. पण आदल्याच वर्षी स्वतः अडखळलेल्या सोबत्याने सांगितलेला तो अधिक लक्षात राहतो, आणि त्याला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारताना संकोच वाटत नाही.

धोकाही येथेच आहे. सोबत्याची चूक तितक्याच विश्वासाने उचलली जाते. ‘नारळपाणी सर्वांना चालते’ हे सहज उच्चारलेले वाक्य पोटॅशियम वाढलेल्या वृक्कविकाराच्या रुग्णापर्यंत पोहोचले, तर हृदयगतीवर बेतू शकते. म्हणून सोबत्याने विचारावयास शिकवावे. पथ्य ठरविणे शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे. परीक्षेच्या टिपणांची देवघेव म्हणजे मार्गदर्शन नव्हे, हेही जाता जाता सांगावेसे वाटते.

आणखी एक नाजूक बाब. कॅलरींचा सतत हिशेब करणाऱ्या या विद्यार्थ्यांपैकी काहींचे स्वतःचेच जेवण बिघडते. जेवणे टाळली जातात, वजनाची भीती बसते. हे शिक्षकांआधी वसतिगृहातील सोबत्याच्या ध्यानात येते. त्याने उपचारक होऊ नये, पण गप्पही बसू नये. विश्वासात घेऊन शिक्षकांकडे वा चिकित्सकाकडे न्यावे.

आयुर्वेद महाविद्यालयांत हा प्रयोग करावयाचा झाल्यास विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील अष्ट आहारविधिविशेषायतने हाताशी आहेतच. दोन विद्यार्थ्यांनी एकाच रुग्णाचा आहारवृत्तान्त स्वतंत्रपणे घ्यावा व नंतर तो करण, संयोग, राशी, काल या क्रमाने ताडून पाहावा. आमच्या मते सर्वाधिक तफावत राशीत आढळेल. तेव्हा ओपीडीच्या टेबलावर दोन-तीन मापांच्या वाट्या व एक चमचा ठेवावा, म्हणजे रुग्णाला बोट दाखवून सांगता येईल.