बिअरचा साका आणि मुंबईच्या माता

बिअर तयार झाली की पिंपात यीस्टचा दाट साका उरतो. या टाकाऊ साक्याने मुंबईतल्या गरोदर स्त्रियांना बरे केले, असे सांगितले तर विद्यार्थ्यांना खरे वाटेल का?

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. साक्यात मीठ घालून तो गरम ठेवला की पेशी मरतात आणि त्यांच्यातलीच एन्झाइमे प्रथिनांचे तुकडे करतात. पेशींची टरफले गाळून उरलेला रस आटवला की काळपट, खारट लेप मिळतो. इंग्लंडमध्ये बर्टन या बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी १९०२ मध्ये असा लेप 'मार्माइट' या नावाने तयार होऊ लागला. ऑस्ट्रेलियातले 'व्हेजिमाइट' १९२३ चे. हे लेप पावाला अगदी पातळ लावून खातात. 'ब' गटातली बरीच जीवनसत्त्वे त्यांत असतात.

आता मुंबईकडे वळू. १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स इंग्लंडहून येथे आल्या. गिरणीकामगार वस्तीतल्या गरीब गरोदर स्त्रियांना एक वेगळाच रक्तक्षय होई. रक्तातल्या तांबड्या पेशींची संख्या घटे, पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. अनेकजणी दगावत. विल्स यांनी जंतूंचा शोध घेतला, तसा त्यांच्या जेवणाचाही घेतला. त्यात भाजीपाला, फळे आणि दूध फारच कमी होते. मग त्यांनी स्वस्त मार्माइट देऊन पाहिले आणि रुग्ण सुधारू लागल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मार्माइटमधला गुणकारी पदार्थ कोणता, हे मात्र तेव्हा कळले नव्हते. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे केले गेले. पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचे नाव फॉलिक आम्ल. विल्स यांच्या रुग्णांना हेच कमी पडत होते. नवी पेशी घडताना डीएनए तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी हे जीवनसत्त्व हवे. ते कमी पडले की पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. म्हणून ती मोठी दिसते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू नीट घडावेत म्हणून आज गर्भधारणेच्या आधीपासूनच याच्या गोळ्या घ्यायला सांगतात.

हे जीवनसत्त्व आपल्याला पालेभाज्या आणि कडधान्यांतून मिळते. ते पाण्यात विरघळते आणि फार शिजवल्यास नष्ट होते. मग पालक उकडून पाणी ओतून दिले, तर काय होईल? हा प्रश्न वर्गात जरूर विचारा.