बोलणारा फोन अडतो कुठं?

परवा वाशिंद स्टेशनावर मावसबहिणीला उतरवून घ्यायला गेले. ही आपली फोन कानाशी धरून उभी. "कुणाशी बोलतेस गं?" तर हसून म्हणते, "ताई, मी नाही, फोनच बोलतोय!" तिला जन्मापासून दिसत नाही, हे सांगायचं राहिलंच.

मैत्रिणींनो, पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारी ही सोय नवी नव्हे. विंडोजवरचा 'जॉज' १९९५ चा, पण महाग. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये सुरू केलेला 'एनव्हीडीए' मात्र फुकट मिळतो. अँड्रॉइड फोनात 'टॉकबॅक' असतो. बोटानं चाचपलं की नाव सांगतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. मराठीही बोलतो, बरं का!

मग अडतं कुठं? गॅस नोंदवायला बसली, तर फोन नुसता "बटण, बटण" म्हणत राहिला. ॲप करणाऱ्यानं बटणाला नावच दिलेलं नाही, तो बिचारा काय वाचणार! जुन्या मराठी फाँटची तऱ्हा आणखी न्यारी. युनिकोड येण्याआधी मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत. आपल्याला दिसतं 'घर', पण आत असतात इंग्रजी अक्षरं. फोन तीच वाचतो आणि ऐकणारीला काही कळत नाही.

एका बँकेच्या ॲपनं तर कमालच केली. ओळख पटवायला म्हणे कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा! शेवटी शेजारच्या मुलाच्या हाती फोन द्यावा लागला, पिनसुद्धा त्यालाच सांगावा लागला. पैसे स्वतःचे, पण गुपित राहिलं नाही. हे तिला फार लागलं. प्रज्ञा प्रसून आणि इतर ॲसिडपीडितांच्या व एका अंध अर्जदाराच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशा सोयी मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि डोळे मिचकावण्याला दुसरा पर्याय हवा. तिची बँक हे कधी मनावर घेते, त्याची आम्ही वाट पाहतोय.

तोवर आपल्या हातातलं एक करा. पाककृतीचं चित्र पाठवू नका, टाइप करून पाठवा. नव्या फोनांतले काही चित्राचं वर्णन करतात, पण "ताटलीत पिवळा पदार्थ" एवढ्यावरून सांदण कसं करायचं? मी तिला कृती लिहून पाठवली. रविवारी तिनं केली. गूळ जरा जास्त झाला होता.