वृंदगानातला नवा गळा

चेन्नईत वृंदगानाची परंपरा जुनी आहे. मद्रास म्युझिकल असोसिएशन हा तिथला गायकवृंद १८९३ सालचा. पुढे संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रास यूथ क्वायर उभा केला आणि भारतीय भाषांतली गाणी समूहस्वरांत बसवली. अशा वृंदात पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्याची एक तक्रार ठरलेली: "माझा आवाज मलाच ऐकू येत नाही!" मग तो नकळत आवाज चढवतो.

यात त्याचा दोष नाही. भोवती गलबला वाढला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. लग्नाच्या मांडवात आपण ओरडून बोलतो, तेही यामुळेच. वृंदात मात्र सगळ्यांनीच असे केले, तर सूर ताणला जातो आणि गळे बसतात.

दुसरी गंमत हृदयाची. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. गाण्याची लांब ओळ म्हणजे लांबवलेला उच्छ्वासच. सगळे एकाच जागी श्वास घेत असल्याने ठोक्यांचा चढउतारही जुळू लागतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे मोजून दाखवले. ब्रिटनमधल्या २०१५च्या एका अभ्यासात, गाण्याच्या वर्गातली अनोळखी माणसे हस्तकला वा लेखनाच्या वर्गांतल्यांपेक्षा लवकर जवळ आली.

तेव्हा नवख्यांनी शब्द पाठ करून जावे आणि सुरुवातीला जरा हळूच गावे. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल, तर आपलाच चढला आहे असे समजावे.